तयार पान की ताजे पान?



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "हा तर शहरातल्या संगणकवाल्यांचा विषय. आम्हा खेड्यातल्या माणसांना आणि शाळामास्तरांना त्याचे काय?" पण जरा थांबा. तुमच्या घरात यंदा कोणी दहावीला असेल, पीककर्जासाठी तुम्हाला सातबारा काढावयाचा असेल, किंवा शाळेचे संकेतस्थळ सांभाळण्याचे काम मुख्याध्यापकांनी तुमच्या गळ्यात घातले असेल, तर हा विषय तुमचाच आहे. मी स्वतः काही संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. एम. ए. झालो तो अर्थशास्त्रात, आणि महाविद्यालयात शिकवितो तेही अर्थशास्त्रच. परंतु अर्थशास्त्र म्हणजे तरी शेवटी काय? एक गोष्ट मिळवावयाची तर दुसरी कोणती सोडावी लागते, याचा हिशेब. आज आपण तोच हिशेब मांडणार आहोत.

भिवंडीचा धामणकर नाका ज्यांनी पाहिला असेल त्यांना तेथील गर्दी निराळी सांगावयास नको. रिक्षा, हातगाड्या, कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो, पाळी संपवून निघालेले कामगार, आणि आसपासच्या गल्ल्यांतून अखंड ऐकू येणारा यंत्रमागांचा खडखडाट. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी नाक्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी काही कागद घेण्यासाठी उभा होतो. दुकानात एक बाई आणि तिची मुलगी बसलेली. बाई मागाच्या कारखान्यात कांड्या भरण्याचे काम करणारी. एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेशाची यादी त्या दिवशी संकेतस्थळावर लागणार होती, आणि यादीत नाव असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत फी भरावयाची होती. दुकानदाराने पान उघडले. पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागले. फिरतच राहिले. त्याने पुन्हा उघडले. पुन्हा चक्र. पाऊण तास गेला. शेवटी त्या बाईने मला विचारले, "सर, फॉर्म भरताना माझंच काही चुकलं का हो?"

श्रोतेहो, तिचे काही चुकले नव्हते. चूक माझी होती. ते संकेतस्थळ उभारण्यात माझा हात होता, आणि त्यातली एक ओळ मीच लिहिली होती. ती ओळ कोणती, आणि तिने पान का अडविले, हे सांगण्यासाठी आज मी तुमच्यापुढे आलो आहे.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. तुम्ही मोबाइलवर एखादे पान मागता, तेव्हा दूर कोठेतरी ठेवलेला एक संगणक ते पान तुमच्याकडे पाठवितो. त्याला सर्व्हर म्हणतात. आपण त्याला दुकानदार म्हणू. हा दुकानदार दोन तऱ्हांनी माल देऊ शकतो. एक म्हणजे ताग्यातले तयार कापड. ते फळीवर ठेवलेलेच असते. मागितले की उचलून दिले. पान एकदा लिहून ठेवलेले असते, आणि जो मागेल त्याला तेच मिळते. अशा पानाला दुकानदाराचा वेळ जवळजवळ लागतच नाही. वरचेवर मागितले जाणारे पान संगणकाच्या स्मरणात तयारच राहते, तेव्हा फळीपर्यंतही जावे लागत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे गिऱ्हाईक आल्यावर माग सुरू करणे. पानाच्या मजकुरात मध्ये मध्ये दुकानदारासाठी आज्ञा लिहिलेल्या असतात: येथे आजची तारीख घाल, येथे वहीतून ताजी सूचना काढून लाव, येथे या विद्यार्थ्याचे गुण लिही. पान मागितले की एक कारागीर ते वरपासून खालपर्यंत वाचतो, आज्ञा दिसेल तेथे ती पाळतो, आणि जे तयार होईल ते तुम्हाला पाठवितो. आज्ञा तुम्हाला दिसत नाहीत. दिसते ते विणलेले कापड.

ही दुसरी तऱ्हा आली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतून १९९१ साली हे जाळे जगापुढे ठेवले, तेव्हा पाने बहुतांशी तयार मालाचीच होती. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एन. सी. एस. ए. या केंद्रातून सी. जी. आय. नावाची रीत निघाली. तिच्यात प्रत्येक मागणीला सर्व्हर एक स्वतंत्र कार्यक्रम नव्याने सुरू करी आणि काम झाले की तो संपवून टाकी. म्हणजे प्रत्येक वार कापडासाठी नवा कामगार नेमावयाचा, त्याला माग दाखवावयाचा, आणि वार विणून झाला की त्याला घरी पाठवावयाचे! १९९५ साली रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी हे साधन लोकांसाठी खुले केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. पीएचपीची खुबी अशी की, साध्या पानाच्या मजकुरातच आज्ञा बसविता येतात. ज्याला पान लिहिता येते त्याला चार आज्ञाही लिहिता येतात. माझ्यासारखे हौशी मास्तर या विद्येत शिरले ते याच दारातून.

पुढे कामगार दर वेळी नवा नेमणे बंद झाले. तो दुकानातच बसू लागला. आणखी एक सुधारणा झाली, ती भिवंडीकरांना चटकन समजेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील लियाँ शहरी जोसेफ मारी जाकार याने नक्षीकापडाचा माग बनविला. त्यात नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर एकदा उतरवावयाची, आणि मग त्याच पुठ्ठ्यांवरून हवे तितके वार विणावयाचे. तसेच, आज्ञा वाचून त्यांचे यंत्राला समजेल असे रूप एकदा केले की ते स्मरणात ठेवावयाचे, अशी सोय २०१३ साली पीएचपीच्या ५.५ या आवृत्तीबरोबरच मिळू लागली. वाचण्याचे कष्ट वाचले. परंतु लक्षात ठेवा, विणण्याचे कष्ट वाचले नाहीत. पुठ्ठे तयार असले तरी प्रत्येक वार मागावरूनच निघावा लागतो.

आता माझ्या त्या ओळीकडे येतो. आमच्या संकेतस्थळावर दीडशेच्या आसपास पाने होती. सगळी तयार मालाची. संस्थेच्या चालकांची इच्छा अशी की, प्रत्येक पानाच्या माथ्यावर आजची तारीख आणि ताजी सूचना दिसावी. दीडशे पानांची नावे बदलण्याचा मला कंटाळा आला. म्हणून मी सर्व्हरला एका ओळीत सांगून टाकले की, यापुढे प्रत्येक साधे पानही कारागिराच्या हातून जाऊ दे. झाले! सगळी पाने तारीख दाखवू लागली. चालक खूश, मी खूश. आठ महिने काही बिघडले नाही.

पण मी नेमके काय केले होते? तुमच्या गावाच्या नाक्यावर एक शिपाई उभा आहे, आणि त्याला हुकूम आहे की संशयित गाडी तेवढी थांबवून तपास. गाड्या सुरळीत जातात. आता हुकूम बदलला: प्रत्येक गाडी थांबव, रिकामी असली तरी ताडपत्री काढून आत पाहा. रात्री दोन वाजता हा हुकूम कोणाला जाणवणार नाही. सकाळी नऊ वाजता मात्र धामणकर नाक्यावरची रांग कल्याण नाक्यापर्यंत जाईल. माझ्या ओळीने हेच केले. ज्या पानात एकही आज्ञा नव्हती, तेही उघडून तपासले जाऊ लागले. नुसत्या तपासण्याला तसा फार वेळ लागत नाही, हे कबूल केले पाहिजे. खरा वेळ गेला तो सूचनेपायी. ती सूचना मी माहितीच्या वहीतून, म्हणजे डेटाबेसमधून काढीत होतो, आणि प्रत्येक पानासाठी, प्रत्येक माणसासाठी ती वही नव्याने उघडली जात होती. सूचना मात्र आठवड्यातून एकदाच बदलत असे!

आणखी एक नुकसान असे झाले की ते मला तेव्हा ठाऊकही नव्हते. एकदा पाहिलेले पान तुमचा मोबाइल जपून ठेवतो. पुढच्या खेपेस तो सर्व्हरला एवढेच विचारू शकतो, "माझ्याकडे अमुक तारखेचे पान आहे, त्यानंतर काही बदलले का?" तयार पानाच्या बाबतीत सर्व्हरला बदलाची तारीख ठाऊक असते. तो म्हणतो, "नाही, तेच चालव." दोन शब्दांत काम होते. पण पान जर दर वेळी विणले जात असेल, तर त्याची तारीख कोणती सांगावी? आपण होऊन तशी व्यवस्था केली नाही, तर सर्व्हर गप्प राहतो आणि सगळे पान पुन्हा पाठवितो. जेथे मोबाइलला धड रेंज मिळत नाही अशा वाडीवस्तीवर हा भार कोणावर पडतो? पाहणाऱ्यावर.

आता त्या दुपारचा हिशेब करू. आमच्या भाड्याच्या सर्व्हरवर एका वेळी वीस कारागीर काम करू शकत. वही उघडण्यासह एका पानाला अर्धा सेकंद लागतो असे धरू. म्हणजे सेकंदाला चाळीस पाने. यादी लागताच पहिल्या मिनिटात तीन हजार जणांनी पान मागितले, तर सेकंदाला पन्नास मागण्या झाल्या. चाळीस पुऱ्या होतात, दहा मागे राहतात. मिनिटाच्या शेवटी सहाशे माणसे रांगेत, आणि नव्याने येणाऱ्याला पंधरा सेकंद थांबणे आले. पंधरा सेकंद कोण थांबतो? तो पुन्हा बोट दाबतो. पहिली मागणी त्याने सोडून दिली, पण कारागीर बहुधा तीही पुरी करीत बसतो, आणि शिवाय दुसरी रांगेत लागते. पन्नासाच्या शंभर होतात, शंभराच्या दीडशे. थोडीशी तूट पडते आणि बघता बघता सगळा नाका जाम होतो. आणि गंमत अशी की, ती यादी सर्वांना एकच होती. एकच कापड हजारो वेळा नव्याने विणण्यात आमचे वीस कारागीर दमून गेले.

मोठ्या प्रमाणावर हे कसे घडू शकते याची कल्पना आपल्या सर्वांना आहे. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल दुपारी एक वाजता जाहीर झाला, तेव्हा निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. कोणाला दोष देण्यासाठी मी ही आठवण काढीत नाही. आकड्यांची जाणीव व्हावी म्हणून काढतो. राज्यात दहावीचे विद्यार्थी पंधरा-सोळा लाख. हिशेबाला सोळा लाख धरू. सगळ्यांनी पहिल्या दहा मिनिटांत निकाल पाहावयाचा म्हटले, तर सेकंदाला सुमारे दोन हजार सहाशे सहासष्ट मागण्या होतात. प्रत्येक पान विणण्याला यंत्राचा सेकंदाचा विसावा भाग लागतो असे समजा, तर एकशे तेहतीस प्रोसेसर अखंड राबले पाहिजेत. तयार पान सेकंदाच्या हजाराव्या भागात देता आले, तर तिघांत भागते.

यावर तुम्ही म्हणाल, "पण मास्तर, निकाल तर प्रत्येकाचा निराळा. तो तयार कसा ठेवणार?" प्रश्न बरोबर आहे. आता उत्तर पाहा. निकाल निराळा खरा, पण दुपारी एक वाजल्यानंतर तो बदलत नाही. मग आदल्या रात्रीच सोळा लाख लहान पाने विणून ठेवली तर? एका पानाला पाच हजार अक्षरांची जागा धरली, तर सगळी मिळून आठ अब्ज अक्षरे होतात. बाजारातल्या साध्या पेन ड्राइव्हमध्ये ती मावतात. बैठक क्रमांक आणि आईचे नाव जुळते की नाही एवढे पाहणारा एक लहान पहारेकरी दारावर हवा, नाहीतर एकाचा निकाल दुसरा पाहील. पण पहारेकरी वेगळा आणि सगळा मागच दारात मांडून बसणे वेगळे.

मग काय, आज्ञा घातलेली पाने वाईट? मुळीच नाही. आता दुसरी बाजू ऐका. डिजिटल सही असलेला सातबारा आपल्या राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला. तलाठ्याकडे खेपा घालण्याचा त्रास त्यामुळे कितीतरी वाचला. पण सातबारा ही बदलणारी गोष्ट आहे. आज फेरफार मंजूर झाला, वारसाचे नाव लागले, बँकेचा बोजा उतरला, आणि संकेतस्थळाने गेल्या महिन्यात विणून ठेवलेला उताराच हातात दिला, तर शेतकऱ्याचे कर्ज अडेल किंवा जमीन घेणारा फसेल. तेथे चार सेकंद उशीर चालेल, शिळे पान चालणार नाही. वेगाची किंमत शिळेपणात मोजावी लागते, आणि ताजेपणाची किंमत वेळात. दोन्ही फुकट कोणालाच मिळत नाहीत.

मनुष्याच्या श्रमाचाही हिशेब धरावा लागतो. शाळेचा दूरध्वनी क्रमांक बदलला आणि तो दीडशे पानांवर लिहिलेला असला, तर शिक्षकाने दीडशे पाने उघडावयाची का? त्यातली दहा हमखास राहून जातात, आणि पालक जुन्या क्रमांकावर फोन करीत बसतात. माथा आणि पायथा एकाच ठिकाणी लिहून आज्ञेने सगळीकडे बसविणे यात शहाणपण आहे. यंत्राचा क्षण स्वस्त आहे, मास्तराचा रविवार महाग आहे. पण याला एक मधला मार्ग निघतो. आज्ञा पाहणारा आला की पाळण्याऐवजी लिहिणाऱ्याने बदल केला की एकदाच पाळावयाची, दीडशे पाने विणून फळीवर ठेवून द्यावयाची. घरी दिवाळीचा फराळ आपण पाहुणा आल्यावर तळावयास घेतो का? डबे भरून ठेवतो. चहा मात्र पाहुणा आल्यावरच टाकतो. कोणती गोष्ट फराळ आणि कोणती चहा, एवढे ओळखता आले म्हणजे अर्धी विद्या आली.

शाळांचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मी चार गोष्टी सुचवितो. पहिली: पान लिहिताना स्वतःला विचारा, हे किती वेळा बदलते आणि किती वेळा पाहिले जाते? वर्षातून एकदा बदलून हजारदा पाहिले जात असेल तर ते तयारच ठेवा. दुसरी: आज्ञा ज्या पानांना हव्या तेवढ्याच पानांना द्या, सगळ्या पानांना कारागिराकडे पाठविणारी ओळ माझ्यासारखी आळसाने लिहू नका. नुसती तारीख हवी असेल तर ती पाहणाऱ्याचा मोबाइलच दाखवू शकतो, सर्व्हरला त्रास कशाला? तिसरी: वहीतून काही काढावयाचेच असेल तर ते काढून पाच मिनिटे तरी जपून ठेवा. सूचना पाच मिनिटे उशिरा दिसल्याने कोणाचे बिघडत नाही, पण सेकंदाला पन्नास वेळा उघडली जाणारी वही पाच मिनिटांत पंधरा हजार वेळांऐवजी एकदाच उघडते. आणि चौथी: मोजा. पान हळू उघडते म्हणून लगेच आज्ञांना दोष देऊ नका. कित्येकदा दोष आज्ञांचा नसतोच. मुख्य पानावर चढविलेल्या स्नेहसंमेलनाच्या भल्या मोठ्या छायाचित्राचा असतो. गर्दीच्या दिवसाआधी दहा मित्रांना एकदम पान उघडावयास सांगून पाहा. औषध द्यावयाचे तर आधी नाडी पाहिलेली बरी.

त्या दिवशी संध्याकाळी काय झाले ते सांगून मी तुमचा निरोप घेतो. घरी जाऊन मी ती ओळ काढून टाकली. यादीचे पान एकदा विणले, साधे पान म्हणून जपून ठेवले, आणि संकेतस्थळ क्षणात उघडू लागले. काम सगळे वीस मिनिटांचे. पण तोपर्यंत रात्रीचे नऊ वाजले होते. झेरॉक्सचे दुकान बंद झाले होते, आणि ती बाई केव्हाच घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फी भरण्याच्या रांगेत मला त्या दोघी दिसल्या. मुलीचे नाव यादीत होते. ते त्यांना सकाळी दुकान उघडल्यावर कळले आणि दोघी तशाच धावत आल्या होत्या. बारा वाजावयास थोडाच अवकाश होता.

मी त्या बाईला म्हणालो, "कालचा घोटाळा आमच्याकडून झाला. तुमचं काही चुकलं नव्हतं."

ती हसली. म्हणाली, "असू दे सर, नाव लागलं ना. फक्त दोन खाडे पडले."

श्रोतेहो, मी अर्थशास्त्राचा मास्तर. किंमत म्हणजे काय यावर मी वर्गात तासन् तास बोलतो. पण माझ्या एका ओळीची किंमत किती, हे मला त्या बाईने दोन शब्दांत सांगितले. सर्व्हरवर वाचविलेला किंवा वाया घालविलेला प्रत्येक क्षण पलीकडे कोणातरी माणसाच्या हिशेबात जमा होतो किंवा वजा होतो. तुमच्या शाळेच्या संकेतस्थळावर एखादी ओळ लिहिताना पलीकडे दुकानाच्या बाकावर बसलेल्या त्या माउलीची आठवण ठेवा, एवढेच माझे मागणे.